लेकीच्या खोलीतले गळ

४ नोव्हेंबर

प्रिय बाईसाहेब,

तुझ्या ताईंनी आज पुन्हा फोन उचलला आणि पुन्हा सांगितलं की तू अंघोळीला गेली आहेस. काल संध्याकाळीही तू अंघोळीलाच गेली होतीस. इतकी स्वच्छ बायको परत आली तर मी तिला ओळखीन की नाही, कोण जाणे. शेवटी ताईंनाच माझी दया आली. बहिणीचा निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला: "फोनवर तुम्ही मला हसवता आणि मुद्दा तसाच राहतो. काय ते लिहून पाठवा."

तर लिहितो. मुद्दा खोलीचा. लेक नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिची खोली तुझ्या दवाखान्याला द्यायची, असं आपलं ठरलं होतं. हॉस्पिटलातून निवृत्त झालीस की तिथे तुझं व्यायामाचं टेबल लागणार, दारावर पाटी लागणार, आणि गावातले सगळे आखडलेले खांदे आणि कंबरा तिथे येऊन सुटणार. मी फक्त दोन रॉड तिथे उभे करून ठेवले होते, तेही तात्पुरते. मासेमारी हा माझा एकुलता एक शौक, दोन काठ्यांनी कुणाचं काय अडतं, असं तेव्हा वाटलं. त्या दोनांचे पुढे किती झाले ते जाताना तूच बोट दाखवून मोजलंस. रीळं, जाळी, खोट्या माशांचे डबे वेगळे. तू निवृत्तही झालीस, तुझं टेबल मात्र अजून दुकानदाराच्या गोदामात उभं आहे.

त्यात ताई म्हणाल्या, तिथल्या दवाखान्याने तुला कायमची जागा देऊ केली आहे आणि तू महिनाअखेर उत्तर देणार आहेस. हे ऐकलं तेव्हा मी उभा होतो. मग बसलो.

तेव्हा आनंदाची बातमी अशी की खोली रिकामी करायला घेतली आहे. जवळजवळ झालीच म्हण. खिडकीखालची भिंत दिसायला लागली. तिचा रंग फिकट निळा आहे, हे मी विसरलोच होतो.

ऑफिसात बरं चाललं आहे. बढतीनंतरच्या त्या खुर्चीत बसतो आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेतो. काल एक गृहस्थ फारच घाबरले होते, म्हणून मिस्त्री पोचेपर्यंत मी त्यांना रॉड कसा निवडावा ते समजावून सांगितलं. आधी पाणी बघायचं, मग मासा, मग आपला हात, आणि दुकान सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. दार उघडल्यावर ते मिस्त्रीला म्हणाले, "फोनवरच्या माणसाला सांगा, मी जन्मात पाण्याजवळ जाणार नाही."

हसलीस ना? लिहूनही हसवता येतं.

तुझा,
मी


९ नोव्हेंबर

प्रिय,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच ओळ: "पलंगाखाली काय आहे?"

समोरच्या काकूंना दूरचं दिसत नाही म्हणतात, पण आपल्या खिडकीतलं सगळं दिसतं आणि तुला कळवताही येतं. असो. पलंगाखाली जे आहे ते आधी खोलीत होतं. कपाटामागे जे आहे तेही. न्हाणीघरातल्या माळ्यावर तू चढणार नाहीस असं वाटलं होतं, म्हणून तेही सांगून टाकतो. भिंत दिसते हे मात्र खोटं नव्हतं. तेवढं माझ्या बाजूने धर.

पण मग मला खरोखरच लाज वाटली आणि मी खरोखरच वाटायला निघालो. पहिला गेलो सलूनवाल्याकडे. लांब फेकीचा तो काळा रॉड त्याच्या डोळ्यात कधीपासून भरला होता. घे म्हटलं. त्याचे डोळे पाणावले. पण आम्हा गळवाल्यांचा नियम तुला ठाऊक आहे. गळाचं सामान फुकट दिलं तर देणाऱ्याच्या हातची बरकत जाते, पुन्हा मासा लागत नाही. म्हणून घेणाऱ्याने बदल्यात हातावर काहीतरी ठेवायचंच. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, कुणाचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, आणि आजवर एकानेही नियम मोडलेला नाही. सलूनवाला आत गेला आणि त्याने मला दोन जुने रॉड आणून दिले.

दातांच्या डॉक्टरांना मी पितळी रीळ दिलं. त्यांनी मला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले, तेही दोन जोड. सुताराला जाळं दिलं, तर त्याने घडीची खुर्ची, छत्री आणि आमिष ठेवायची शीतपेटी रिक्षात घालून घरपोच पाठवली. नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "काका, तुमचं जाळं केवढं भारी, मी एवढ्यावर भागवलं तर मला झोप लागेल का?"

थोडक्यात, करायला गेलो एक आणि झालं भलतंच. खिडकीखालची भिंत पुन्हा दिसेनाशी झाली आहे.

रागावू नकोस. किंवा रागाव, पण इकडे येऊन.

मी


१४ नोव्हेंबर

प्रिय,

पुन्हा कार्ड, पुन्हा एकच ओळ. "शेवटचं पाण्यावर कधी गेला होतात?"

आता हा प्रश्न झाला का? तुला माहीत आहे, पाण्यावर जाण्यापेक्षा तयारीतच खरी मजा. उदाहरणार्थ, गेल्या वर्षी आणलेला तो हिरवट रॉड. टोकाशी इतका मऊ की माशाने नुसता श्वास घेतला तरी टोक हलावं, आणि बुडाशी असा ताठ की मोठा मासा ओढायला लागला तरी वाकून मोडू नये. दुकानात मी तो तासभर हातात धरून उभा होतो. दुकानदाराने टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि म्हणाला, "आता उचला." काय सुंदर कमान झाली सांगू! दोरा ओवायच्या कड्या एकीमागे एक अशा वाकल्या की मी तिथल्या तिथे विकत घेतला.

रिळाचंही तसंच. लोक रंग बघतात. मी कानाला लावतो. दोरा ओढला की कर्रर्र असा एकसारखा आवाज आला पाहिजे. मध्येच अडखळला तर ब्रेकमध्ये गडबड आहे असं समजावं, आणि नेमका हातात आलेला मासा तिथेच दोरा तोडतो.

पाण्यावर गेलो होतो की मध्ये. तू हॉस्पिटलात ड्युटीवर होतीस तेव्हा. नक्की तारीख लक्षात नाही, हल्ली मी विसरतोच, तू स्वतःच म्हणतेस. जिन्यात अर्ध्यावर थांबून कुलूप लावलं की नाही ते बघायला मागे फिरतो, तू खाली जाऊन उभी राहतेस.

हे वाचून तू मान हलवते आहेस हे मला इथून दिसतं. ठीक आहे. रविवारी जातो. मोठ्या तलावावर जातो आणि मासा आणून काकूंना दाखवतो, म्हणजे तुला बातमी त्याच दिवशी मिळेल.

मी


१९ नोव्हेंबर

बाईसाहेब,

काकूंनी कळवलंच असेल की मला पंपहाऊसच्या जीपमधून घरी आणून सोडलं. घाबरू नकोस. हाडबिड मोडलेलं नाही. मी खुर्चीत बसून हे लिहितो आहे, पाय समोर स्टुलावर आहे.

आता मी काही सांगणार आहे आणि मध्ये विनोद करणार नाही.

माझा उजवा गुडघा गेला आहे. आजचा नाही. लेक गेली त्याच्याही आधीपासून. आधी नुसता दुखायचा, मग उतरताना दगा द्यायला लागला, मग मध्येच अडकून बसायला लागला. लिफ्टच्या खड्ड्यात शिडीवर उभा असताना एकदा असा अडकला की मदतनिसाने मला कंबरेला धरून वर घेतलं. ऑफिसातली खुर्ची ही बढती नव्हती. मी साहेबांकडे जाऊन ती मागून घेतली, आणि घरी मात्र बढतीचे पेढे आणल्याच्या थाटात आलो. तू शेजारीपाजारी सांगून आलीस. तेही मी चालू दिलं.

कुलपाचंही तसंच. मी काहीही विसरत नाही. जिना उतरताना तू मागून माझी चाल बघशील म्हणून तुला पुढे पाठवायचो आणि कुलूप बघून येतो म्हणायचो. बाजारात जड पिशवी मी घ्यायचो, कारण पिशवी घेतलेल्या माणसाला कुणी हळू का चालता म्हणून विचारत नाही. झाकली मूठ म्हणतात ना, तसा मी गुडघा झाकून ठेवला होता.

आणि पाणी. तलावाचा उतार मला उतरवत नाही, उतरलो तर चढवत नाही. पाण्यावर जाता येईना म्हणून मी दुकानात जायला लागलो. नवा रॉड हातात आला की आठ दिवस असं वाटायचं, आता जाणार, याच्यासाठी तरी जाणार. मग नव्याचे नऊ दिवस सरायचे आणि मी आणखी एक आणायचो. तुझी खोली मी अशी भरली.

रविवारी तुला दाखवायच्या हट्टाने तो हिरवट रॉड घेऊन उतरलो. बसत-घसरत का होईना, पोचलो. आणि खरंच सांगतो, मासा लागला. रीळ असं कर्रर्र वाजलं की मी सगळं विसरलो. त्याला जाळ्यात घ्यायला खाली वाकलो आणि गुडघा अडकला. ना उठता येई, ना बसता. एक पाय पाण्यात, एक चिखलात, दोन्ही हातांनी रॉड धरलेला, आणि पलीकडून मासा ओढतो आहे. मी इतका मोठ्याने ओरडलो की पंपहाऊसचा वॉचमन जेवण टाकून धावत आला.

तो वरून हात पुढे करून म्हणाला, "काका, काठी सोडा आणि हात द्या."

"काठी सोडवत नाही हो," मी म्हटलं.

"मग मी जेवून येऊ का?"

मी काठी सोडली. सगळ्यांत महागडी, सगळ्यांत देखणी. ती पाण्यावरून सरसर गेली आणि बुडाली. वॉचमनने मला पोत्यासारखं वर ओढलं. वर येऊन मी गवतावर पडलो आणि मला रडू आलं. त्याला वाटलं काठीसाठी रडतोय. त्याने मला धीर दिला की उन्हाळ्यात पाणी उतरलं की शोधून देईन. मला काठीचं काहीच वाटत नव्हतं. आता हे तुला सांगावंच लागणार, या विचाराने मला सुटल्यासारखं झालं होतं.

का सांगितलं नाही, ते विचारशील. ऑपरेशनची भीती, हे एक. पण तेवढंच नाही. तू दिवसभर हॉस्पिटलात दुसऱ्यांचे पाय उचलायचीस. संध्याकाळी घरी आलीस की तुझी मनगटं सुजलेली असायची. या घरात तरी तुला उचलावा लागू नये असा एक माणूस असावा, एवढंच मला हवं होतं. तुझा नवरा राहायचं होतं, पेशंट नाही व्हायचं होतं. हे वेडेपण आहे हे लिहितानाच कळतं आहे.

मी


२५ नोव्हेंबर

प्रिय,

या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, कडेनेही लिहिलेलं. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग तुझ्या भीतीने बसून वाचलं.

तू लिहितेस, तुला गुडघ्याचं खरंच माहीत नव्हतं. "इतकी वर्षं लोकांची चाल बघून दुखणं ओळखते आणि घरातली चाल दिसली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. मी लपवण्यात फार तरबेज झालो होतो. पण पुढचं वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. "मला वाटलं होतं, तुमचं मनच उडालं. पाण्यावरून, माझ्यावरून, सगळ्यावरून. नुसत्या वस्तू आणून ठेवणाऱ्या माणसाबरोबर त्या घरात राहायची मला भीती वाटायला लागली होती."

म्हणजे तू रॉडांना कंटाळून गेली नव्हतीस. हे मला कधी सुचलंच नाही. मी आपला काठ्याच मोजत बसलो होतो.

तू बजावल्याप्रमाणे हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. फोटो काढले. ऑपरेशनची आज गरज नाही. नियमाने व्यायाम केला, वजन उतरवलं, तर पुढेही लागू नये असं ते म्हणतात. मी त्यांना दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी कागदावर लिहूनच दिलं. मग म्हणाले, "चांगल्या हाताखाली व्यायाम करा, घरच्या घरी मनाने काही करू नका." मी म्हटलं, चांगला हात माहितीत आहे, पण तो सध्या परगावी आहे. बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्याने हसलो. आत येणारी एक बाई मला वळसा घालून गेली. एवढ्या भीतीला मी इतकी वर्षं घरात बसवून खायला घातलं!

आता खोली. त्याचं श्रेय काकूंना. परवा त्या आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ती सगळ्यात लांब काठी मला द्या ना. वरची जळमटं हाताला येत नाहीत." मी दिली. त्यांना आमचा नियम कुठला माहीत असायला? पण स्वभावच तसा, फुकट काही घ्यायच्या नाहीत. घरी जाऊन नवा कोरा पडदा घेऊन आल्या. "खिडकीला लावा. पेशंट आडवा पडलेला मला दिसायला नको."

"तुम्हाला दिसायला नको?" मी म्हटलं.

"दिसलं की सांगावंसं वाटतं हो," त्या म्हणाल्या.

पडदा हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो. बदल्यात काहीतरी द्यायचं, एवढाच नियम आहे. ते गळाचंच असलं पाहिजे असं कुणी कधी म्हटलं होतं? आम्हीच आमच्या डोक्याने ते धरून चाललो होतो, कारण आम्हाला दुसरं काही हवंच नसायचं. मी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. बूट परत, जुने रॉड परत, खुर्ची-छत्री परत, वर आणखी हवं ते उचला, फक्त बदल्यात मला दवाखाना द्या. सलूनवाल्याने उभा आरसा आणला, पेशंटला स्वतःचा खांदा वाकडा दिसावा म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीसाठी त्यांचं जुनं बाक पाठवलं. सुताराने भिंतीला धरून चालायच्या दांड्या ठोकल्या आणि गोदामातून तुझं टेबल आणून, पाय समतल करून लावलं. उरलेली रिळं, बांबूचा जुना रॉड, खोट्या माशांचे डबे, सगळं गेलं. जाताना प्रत्येक वस्तू मी एकदा हातात घेतली, पण कुणाला थांबवलं नाही.

एक रॉड ठेवला. कोणता, ते ऐकून तुला आश्चर्य वाटेल. साधा, घडीचा, मुठीवर चिकटपट्टी गुंडाळलेला. देखणा नाही, पण तोल बरोबर हातात येतो, आणि पंपहाऊसच्या बाजूला सपाट काठ आहे तिथून फेकायला तो पुरतो. वॉचमन म्हणाला, तिथे पायऱ्या नाहीत. या वेळी मी आधी पाणी बघितलं.

महिना संपत आला. परत ये, असं मी अजून एकाही पत्रात सरळ लिहिलेलं नाही. खोली रिकामी झाली की आपोआप समजेल असं वाटायचं. तर लिहितो. परत ये. तिथलं काम तुला आवडलं असेल तर तसं सांग, मी इथली खुर्ची सोडून तिकडे येईन, लिफ्टा काय सगळीकडेच बंद पडतात. पण तुझ्याशिवाय मला राहायचं नाही.

तुझा,
मी


१२ डिसेंबर

प्रिय,

तू आत आहेस आणि मी बाहेर बाकावर. मध्ये एक दार. तरी लिहितो, कारण तूच म्हणालीस, "सगळ्यांसारखं रांगेत बसायचं आणि बसल्या बसल्या गुडघ्याला काय काय होतं ते लिहून आणायचं. तोंडी ऐकणार नाही."

गुडघ्याचं म्हणशील तर सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. तू दिलेला पाय उचलायचा व्यायाम करतो, मनातल्या मनात तुला शिव्या देतो आणि दुसऱ्या पायाने पुन्हा करतो. जिना काल न थांबता उतरलो. तू मागून बघत होतीस, मला माहीत होतं. कुलपाचं नाव काढलं नाही.

तू परत आलीस त्या संध्याकाळी दारात उभी राहिलीस तेव्हा मी धावत आलो नाही, कारण धावता येत नाही. तू पिशवी खाली न ठेवताच म्हणालीस, "चालून दाखवा." मी भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून तुझ्यापर्यंत चाललो, जसा चालतो तसा, लंगडत. इतकं मोकळं मी कित्येक वर्षांत चाललो नव्हतो. तू तोंडावर हात धरलास. मग खोलीत जाऊन टेबल बघितलंस, आरसा बघितलास, दांड्या हलवून बघितल्यास आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "तिकडे नाही म्हणून कळवलंय. तुमच्या गुडघ्याची बातमी आली त्याच दिवशी." म्हणजे खोली झाल्याचं माझं पत्र तुला पोचलंही नव्हतं! मग मी एवढं सामान कशाला वाटलं, असं विचारणार होतो, पण तू रडत होतीस.

माझ्याआधी खांदा आखडलेल्या बाई आहेत, त्यांच्याआधी शाळेचे मास्तर. बाई विचारत होत्या, "या मॅडमचा हात कसा आहे हो?" मी म्हटलं, कडक आहे, पण सुटतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बरेच दिवस येताय वाटतं." मी हो म्हटलं.

मास्तर बाहेर आले. बाई आत गेल्या. आता बाईही बाहेर येताहेत, खांदा हलवून बघताहेत.

तू दार उघडून विचारते आहेस, "पुढचे कोण?"

मी आहे.